हार्ड डिस्क कमी जागा दाखवते? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

एक्स्टर्नल हार्ड डिस्क अपेक्षेपेक्षा कमी जागा दाखवायला लागली की बहुतेक जण पहिल्या झटक्यात फॉरमॅट मारतात. कुठल्यातरी व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं, काम दोन मिनिटांचं असतं आणि कधीकधी जागा परत येतेही. ओळखीपाळखीच्या लोकांच्या डिस्क मी तपासून देतो. त्यांतला मूळ प्रश्न बऱ्याचदा किरकोळ निघतो, खरं नुकसान नंतरच्या घाईत झालेलं असतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझी एक सवय आहे. डिस्क जोडली की कशालाही हात लावण्याआधी तीन आकडे कागदावर लिहायचे. पहिला, डिस्कच्या लेबलवर छापलेली क्षमता. दुसरा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये संपूर्ण डिस्कची दिसणारी साइज. तिसरा, 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हसमोर दिसणारा आकडा. पहिला आणि दुसरा जुळत नसेल तर संशय डिस्कवर किंवा तिच्या यूएसबी सर्किटवर. दुसरा आणि तिसरा जुळत नसेल तर भानगड पार्टिशनची, म्हणजे डिस्कवर पाडलेल्या भागांची. तिन्ही ठीक असून रिकामी जागाच कमी दिसत असेल तर फाइली शोधायच्या. एवढं कळेपर्यंत फॉरमॅटचं नावही काढायचं नाही.

९३१ जीबी पाहून डिस्क खराब ठरवणं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यात बिघाड काहीच नसतो. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज तेच बाइट १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे १ जीबीला १,०७,३७,४१,८२४ बाइट. भागाकार केला की ९३१ येतात. या दुसऱ्या मोजणीसाठी १९९८ मध्ये गिबीबाइट, टेबिबाइट अशी वेगळी नावं ठरवली गेली, पण विंडोज आजही मोजतं गिबीबाइटमध्ये आणि लिहितं जीबी. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्डपासून मॅकवर दशमान मोजणी सुरू केली. त्यामुळे एकच डिस्क मॅकवर १ टीबी आणि विंडोजवर ९३१ जीबी दिसते आणि दोन्हीकडे बाइट तेवढेच असतात.

हे आकडे लिहून ठेवा: ५०० जीबीचे ४६५ जीबी, १ टीबीचे ९३१ जीबी, २ टीबीचे १.८१ टीबी, ४ टीबीचे ३.६३ टीबी, ८ टीबीचे ७.२७ टीबी. तुमचा आकडा याच्या आसपास असेल तर डिस्क जशी आहे तशी वापरा. हे 'हरवलेले' ६९ जीबी परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर कोणी विकत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

फक्त 'धिस पीसी' बघून निदान करणं

तिथे फक्त अक्षर मिळालेली पार्टिशनं दिसतात, अख्खी डिस्क दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खालच्या अर्ध्या भागातली आडवी पट्टी बघा. निळ्या रेघेखालचा भाग पार्टिशनचा, काळ्या रेघेखालचा 'अनअलोकेटेड', म्हणजे कोणालाच न दिलेला. मॅकवर डिस्क युटिलिटीच्या व्ह्यू मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडावं लागतं, नाहीतर तिथेही फक्त व्हॉल्यूम दिसतात.

ही पट्टी पाहिली की अर्ध्याहून जास्त कोडी जागच्या जागी सुटतात. कधीतरी इन्स्टॉलेशनसाठी त्या डिस्कवर आयएसओ इमेज (इन्स्टॉलेशन डिस्कची एका फाइलमधली प्रत) टाकलेली असते, तेव्हा काही जीबीचं पार्टिशन दिसतं आणि बाकीची पट्टी काळी. कधी जुन्या मॅकचं पार्टिशन असतं, जे विंडोजला वाचता येत नाही. २०० एमबीचं ईएफआय किंवा १६ एमबीचं राखीव पार्टिशन दिसलं तर त्याच्या मागे लागू नका, तेवढ्याने काही अडत नाही.

डिस्क २ टीबीपेक्षा मोठी असेल आणि पट्टी बरोबर २०४८ जीबीवर तुटली असेल तर कारण नक्की आहे: डिस्क एमबीआर या पार्टिशनं नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीने मांडलेली आहे. एमबीआरच्या तक्त्यात सेक्टरचा (डिस्कवरच्या लहानात लहान कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार करा, २०४८ जीबीच्या पुढे मजल जात नाही. उपाय जीपीटी, म्हणजे त्याच कामाची नवी पद्धत. डिस्क मॅनेजमेंट हा बदल पार्टिशनं पुसल्याशिवाय करू देत नाही. काही साधनं डेटा ठेवून करतात, पण एकुलती एक प्रत असलेल्या डिस्कवर मी ती कधीच चालवत नाही. डेटा दुसरीकडे कॉपी करायचा, दोनचार फाइली उघडून बघायच्या, मग जीपीटी. याला एक रात्र गेली तर जाऊ द्या.

शेजारची काळी जागा चालू पार्टिशनला जोडायची असेल तर ती लागून उजवीकडे असावी लागते आणि पार्टिशनवरची फाइल सिस्टिम (फाइली मांडण्याची पद्धत) एनटीएफएस असावी लागते. एक्सफॅट असेल तर 'एक्स्टेंड' चालत नाही. तो पर्याय फिकट दिसला की लोक लगेच पार्टिशन डिलीट करून मोकळे होतात.

डिस्क केसमधून काढून थेट जोडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण तिच्यातलं नुकसान जवळजवळ नेहमी टाळता येतं.

ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे ४ टीबीची डिस्क होती, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी. काही वर्षांचं काम त्याच एका डिस्कवर. केसचा यूएसबी पोर्ट हलायला लागला, जोडणी तुटायला लागली. मदतीला आलेल्या मुलाने केस उघडली, आतली डिस्क काढली आणि साटा केबलने (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्क जोडायच्या केबलने) सरळ कॉम्प्युटरला लावली. विंडोजने सांगितलं, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल. त्याने पार्टिशन पाहिलं, ४६५ जीबी. वरची यादी त्याला अर्धवट पाठ होती. ४६५ म्हणजे ५०० जीबीची डिस्क, वेगळीच कुठलीतरी, असं त्याने ठरवलं आणि क्विक फॉरमॅट मारला. तेवढ्यावर थांबला असता तरी बरं होतं. डिस्क चालते का हे बघायला त्याने वर काही फोल्डर कॉपी केले.

४६५ हा आकडा आला कुठून? बऱ्याच मोठ्या एक्स्टर्नल डिस्कच्या केसमधलं सर्किट कॉम्प्युटरला ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवायचं. त्यामुळे एमबीआर असूनही २ टीबीच्या पुढे जाता येई आणि विंडोज एक्सपीवरही पूर्ण डिस्क चाले. पार्टिशनच्या तक्त्यातले सगळे आकडे त्या मोठ्या सेक्टरच्या हिशोबाने लिहिलेले. डिस्क केसबाहेर काढून थेट जोडली की ती तेच आकडे ५१२ बाइटच्या सेक्टरने वाचून देते. आकडा तोच, माप आठपट लहान. ४ टीबी म्हणजे विंडोजच्या मोजणीत ३७२६ जीबी, भागिले आठ, ४६५. पार्टिशनची सुरुवातही चुकीच्या जागी शोधली जाते, म्हणून विंडोजला तिथे फाइल सिस्टिम सापडत नाही आणि ते डिस्कला 'रॉ', म्हणजे न ओळखता आलेली, म्हणून फॉरमॅट मागतं. त्या क्षणापर्यंत डिस्कवरचा एकही फोटो गेलेला नव्हता. मुलाने डिस्क मॅनेजमेंटची पूर्ण पट्टी पाहिली असती तर ४६५ च्या शेजारी १५८२ आणि १६७८ जीबीचे दोन काळे तुकडे दिसले असते, बेरीज ४ टीबीची.

माझ्याकडे डिस्क आली तेव्हा फोल्डरांची नावं गेलेली होती. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेच फोटो काढून दिले, पण सगळ्यांची नावं सारखीच: एफ आणि त्यापुढे लांबलचक आकडा. कुठल्या कार्यक्रमाचे, कुठल्या ग्राहकाचे, काही पत्ता नाही. कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेल्या तारखा होत्या म्हणून निदान महिन्यांनुसार लावता आले. नवे फोल्डर ज्या जागेवर कॉपी झाले तिथलं काम मात्र कायमचं गेलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच मॉडेलची दुसरी केस मिळवा आणि डिस्क तिच्यात बसवा, बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं उघडतं. ते जमत नसेल तर लिनक्सवर लॉसेटअप कमांडने फक्त वाचण्यापुरती, सेक्टर साइज ४०९६ देऊन डिस्क जोडता येते. मी हाच मार्ग वापरतो. काही केस डेटा एन्क्रिप्ट करून लिहितात, तिथे मूळ सर्किटशिवाय गत्यंतर नाही. आणि बऱ्याच छोट्या २.५ इंची डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डवरच असतो, म्हणून केस फोडून आत साटा मिळेल हे गृहीत धरू नका.

याचंच भावंड म्हणजे जुना डॉक, सुटी डिस्क खोचून यूएसबीने जोडायचं स्टँड. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवत असेल तर डॉकला ३२ बिटांच्या पुढचा आकडा कळत नाही आहे, विंडोजच्या मोजणीतल्या २७९४ मधून २०४८ गळून पडलेत. अशा डॉकमधून डिस्कवर काहीही लिहू नका. डॉक बदला.

डिस्कपार्टमध्ये डोळे झाकून 'क्लीन'

डिस्कपार्ट म्हणजे कमांड देऊन डिस्क हाताळायचं विंडोजचं साधन. व्हिडिओतल्या माणसाची डिस्क १ क्रमांकावर होती म्हणून तुमचीही १ वरच असेल असं नाही. 'क्लीन' खात्री करून घेत नाही, एंटर दाबलं की पार्टिशनचा तक्ता साफ. ती कमांड द्यायचीच असेल तर मी आधी बाकीच्या सगळ्या एक्स्टर्नल डिस्क काढतो, 'लिस्ट डिस्क'मधली साइज कागदावरच्या आकड्याशी ताडतो, आणि 'सिलेक्ट' केल्यावर 'डिटेल डिस्क' देऊन मॉडेलचं नाव वाचतो. एवढा धीर नसलेल्यांनी डिस्कपार्ट उघडू नये.

सगळं सिलेक्ट करून बेरीज करणं

फाइली सिलेक्ट करून प्रॉपर्टीज पाहिलं तर ६०० जीबी आणि ड्राइव्ह म्हणतो ८५० जीबी वापरलेत. मधले २५० लपलेल्या फोल्डरांत असतात, ज्यांची बेरीज तुम्ही केलेलीच नाही. मॅकवर डिलीट केलेलं त्याच डिस्कवरच्या लपलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये राहतं. डिस्क मॅकला जोडलेली असतानाच ट्रॅश रिकामा करा. विंडोजचा रिसायकल बिन आणि 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'मधल्या जुन्या शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने काढून ठेवलेल्या प्रती, याही जागा धरून बसतात. जागा कशाने खाल्ली ते दाखवणारं विझट्री मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवतो, लिनक्सवर एनसीडीयू. अंदाजाने फाइली उडवत बसण्यापेक्षा हे बरं.

बारीक फाइलींची गोष्ट वेगळी. विंडोजवर मोठी डिस्क एक्सफॅट केली की क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा लहानात लहान तुकडा, १२८ केबीचा धरला जातो. २ केबीची फाइलही तेवढी जागा खाते. अशा १ लाख फाइली म्हणजे मजकूर २०० एमबी आणि जागा १२ जीबी. प्रॉपर्टीजमधलं 'साइज ऑन डिस्क' बघा, आणि अशा फाइली झिप करून ठेवा.

लिनक्सवर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम केलेल्या डिस्कवर ५ टक्के जागा रूट युजरसाठी (मुख्य ॲडमिनिस्ट्रेटरसाठी) राखीव राहते, १ टीबीत जवळपास ५० जीबी. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ट्यून२एफएस कमांडने ती शून्य करून टाका.

आणखी काही

दोन डिस्कच्या बॉक्समध्ये निम्मीच जागा दिसते? मिररिंग (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) चालू आहे, बिघाड नाही.

डिस्क शून्य किंवा भलताच आकडा दाखवतेय, आतून टकटक येतेय? बंद करा. केबल बदलून एकदाच बघा, तरी तसंच असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे) शून्याच्या वर असतील तर विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास राबवतं आणि न वाचता आलेल्या नोंदी काढून टाकतं. आधी डीडीरेस्क्यूने प्रत काढा, दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर.

आणि फारच स्वस्तात मिळालेली १६ टीबीची 'पोर्टेबल एसएसडी' पूर्ण १६ टीबी दाखवतेय म्हणून खूश होऊ नका. आत छोटं मेमरी कार्ड आणि खोटा आकडा सांगणारं फर्मवेअर असू शकतं. कार्ड भरलं की पुढच्या फाइलींची नावं दिसतात आणि आत काही नसतं. नव्या डिस्कवर पहिल्याच दिवशी खरी क्षमता तपासणारं एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ चालवा. डिस्क पूर्ण भरून परत वाचायला मोठ्या डिस्कला दिवसदेखील लागतो. तोवर त्या डिस्कवर तुमची एकही फाइल टाकू नका, आणि बिल जपून ठेवा.