विवाहपूर्व करार संसारात कसा सांभाळावा

विवाहपूर्व करारावर, म्हणजे मालमत्ता, पोटगी यांबाबत लग्नाआधी केलेल्या लेखी करारावर, सह्या झाल्या आणि कागद कपाटात गेला की काम संपले, असे अनेक दांपत्ये धरून चालतात. वाद उभा राहिल्यावर मात्र करारात लिहिल्याप्रमाणे दोघे खरोखर वागले का, याचीही तपासणी होते. कायदा देशागणिक बदलतो आणि काही ठिकाणी असा करार न्यायालयावर बंधनकारक नसतो, म्हणून पुढील प्रत्येक पावलाआधी आपल्या भागातील वकिलाशी बोलून घ्यावे.

सर्वांत जास्त नुकसान पैशांच्या सरमिसळीने होते. समजा, पत्नीला वारशाने मिळालेली रक्कम तिचीच राहील असे करारात नमूद आहे. लग्नानंतर ती रक्कम संयुक्त खात्यात जमा होते, त्याच खात्यात दोघांचे पगार येतात आणि त्यातूनच घरखर्च व कर्जाचे हप्ते जातात. दहा वर्षांनी त्यातला कोणता पैसा कोणाचा, हे खातेउताऱ्यांवरून दाखवता आले नाही, तर कलम शाबूत असूनही ते लागू करण्यासाठी वेगळी अशी मिळकतच हाती उरत नाही. म्हणून वैयक्तिक मिळकतीसाठी पहिल्या दिवसापासून स्वतंत्र खाते ठेवावे, घरखर्चासाठी त्यातून ठरावीक रक्कम संयुक्त खात्यात वळवावी आणि जुने उतारे जपून ठेवावेत. घराच्या बाबतीत अधिक सावध राहावे. एकाच्या नावावरील घराचे हप्ते दुसऱ्याच्या पगारातून फेडले गेले किंवा प्रेमापोटी जोडीदाराचे नाव मालकीहक्कात घातले, तर त्यातून हिस्सा किंवा बक्षीस दिल्याचा दावा उभा राहू शकतो. त्यामागचा आपला हेतू काय आहे, हे त्याच वेळी लिहून दोघांनी सही करावी.

‘आता आपल्यात तुझे-माझे काही नाही, तो करार विसरून जा,’ असे शब्द मनापासून उच्चारले जातात, पण त्यांनी करार रद्द होईलच असे नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या १९८३ च्या एकरूप विवाहपूर्व करार कायद्यानुसार लग्नानंतर करार बदलायचा किंवा रद्द करायचा असेल, तर दोघांच्या सहीचा लेखी दस्तऐवज लागतो. तोंडी शब्दावर विसंबून जोडीदार नोकरी सोडतो किंवा आपली बचत घरात घालतो आणि नंतर त्याच्या हाती काहीच राहत नाही, ही मला यातली सर्वांत क्लेशदायक गोष्ट वाटते. शब्द दिला असेल, तर तो कागदावर आणावा.

आयुष्याचा क्रम बदलला तरी करार डळमळतो. दोघेही नोकरी करतील या समजुतीवर पोटगीचा हक्क सोडला आणि पुढे मुलांसाठी एकाने घरी राहायचे ठरवले, तर मूळ गृहीतकच उरत नाही. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००४ च्या निकालात यासाठी दुहेरी कसोटी घातली: सही करतानाच करार अवैध होता का, आणि तसे नसल्यास आजच्या परिस्थितीत त्यावर बोट ठेवणे न्याय्य आहे का. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये, परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून स्वेच्छेने केलेला करार सहसा मान्य करावा, मात्र प्रचलित परिस्थितीत तो अन्यायकारक ठरत असेल तर नाही, असे म्हटले. त्यामुळे अपत्यजन्म, दीर्घ आजारपण, नोकरी सोडणे किंवा परदेशी स्थलांतर अशा प्रत्येक वळणावर करार पुन्हा वाचून आवश्यक तर पुरवणी करार करावा. दोघांचे वकील वेगवेगळे असावेत, मालमत्ता व कर्जे पूर्णपणे उघड करावीत आणि भांडणाच्या भरात किंवा धाक दाखवून सही घेऊ नये. अशाच दबावाच्या कारणावरून ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका दांपत्याच्या विवाहपूर्व कराराबरोबरच, लग्नानंतर लगेच केलेला तसाच दुसरा करारही रद्द ठरवला होता.

व्यभिचाराने करार आपोआप मोडतो, हा समज मात्र सहसा चुकीचा असतो. बेवफाईसाठी दंडाचे कलम घातले तरी ते टिकेल याची खात्री नसते. कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने २००२ मध्ये असा एक करार नाकारला, कारण तेथे घटस्फोटासाठी कोणाचा दोष पाहिला जात नाही. याउलट मिळकत लपवणे किंवा संसार मोडत असताना पैसा उधळणे अनेक ठिकाणी हिशेबात धरले जाते. तशी शंका आल्यास खातेउतारे आणि व्यवहारांच्या नोंदी ताबडतोब गोळा करून वकिलाकडे द्याव्यात.