सेमी-इंग्रजीच्या वर्गात विज्ञान शिकवताना या चुका टाळा

सातवीचा तास. फळ्यावर 'इव्हॅपोरेशन', शेजारी 'बाष्पीभवन'. पुस्तकातलं वाक्य आधी इंग्रजीत वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं. पोरं हुशार. इंग्रजी सुरू झालं की खिडकीबाहेर बघायचं, मराठी आलं की कान टवकारायचे, हे त्यांना आठवड्याभरात कळतं. ही चूक मीही काही वर्षं मनोभावे केली आहे. मराठीला हरकत नाहीच. आधी प्रयोगावर मराठीत मनसोक्त गप्पा मारा, मग तेच इंग्रजीत मांडा. फक्त वाक्यागणिक भाषांतर नको.

याहून मोठी गफलत म्हणजे शब्द देतो, वाक्य देत नाही. दोन ओले रुमाल घ्या, एक पंख्याखाली, एक दप्तरात. लवकर कुठला वाळला आणि का, असं विचारलं की उत्तर येतं, 'फॅन... वॉटर... इव्हॅपोरेशन.' अवघड शब्द पाठ आहे, गाडी अडते ती 'दॅन' आणि 'बिकॉज'पाशी. फळ्याच्या कोपऱ्यात 'धिस वन ड्राइड फास्टर दॅन दॅट वन बिकॉज...' एवढं लिहून ठेवा आणि शेजारच्याला सांगायला लावा.

बोलायला लावणं का महत्त्वाचं? कॅनडातल्या क्युबेक प्रांतात सेंट लॅम्बर्टला १९६५ साली इंग्रजीभाषक मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. अशा वर्गांतल्या मुलांना फ्रेंच छान समजायचं, पण बोलताना व्याकरण बरीच वर्षं लंगडंच राहायचं. भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: मुलं ऐकतात भरपूर, त्यांना बोलावं लागतं कमी. आपल्याकडे तर तासभर एकटे शिक्षकच बोलतात!

ओळखीचे शब्दही फसवतात. भिंत ढकलून घाम फुटला तरी भिंत जागची हलली नाही, म्हणून विज्ञानाच्या भाषेत भिंतीवरचं 'वर्क' (कार्य) शून्य, हे पोराला पटत नाही. गणितात 'टेबल' म्हणजे पाढा, विज्ञानात तक्ता. हे शब्द सोपे म्हणून आपण समजावतच नाही.

राहिला पेपर. 'वॉटर ड्राय फास्ट बिकॉज विंड' असं कुणी लिहिलं तर विज्ञानाचे पूर्ण गुण द्या. 'ड्राय'चं 'ड्राइज' समासात करा. गुण कापलेत, तर पुढच्या चाचणीत तो पुस्तकातलं पाठ केलेलं वाक्य उतरवेल, स्पेलिंगसकट बिनचूक, आणि रुमालाचं काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.