इंग्रजीतून लॅटव्हियनमध्ये येताना या चुका टाळा

शिक्षणासाठी लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगाला येणाऱ्यांत भारतीय मुलं पुष्कळ असतात आणि त्यांत मराठी मुलंही असतात. त्यांची लॅटव्हियन वाक्यं तपासायचं काम बरेच दिवस माझ्याकडे आहे. दर सप्टेंबरला चेहरे नवे येतात, चुका त्याच. आणि त्यांतल्या निम्म्या तरी मराठी माणसाने करायचं काहीच कारण नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं.

सगळ्यात आधी ती डोक्यावरची आडवी रेघ. लॅटव्हियनमध्ये दीर्घ स्वरावर रेघ देतात. फोनच्या साध्या कीबोर्डवर ती सहज मिळत नाही, म्हणून मुलं सोडून देतात. ‘कळतं हो सगळ्यांना,’ हे वर उत्तर. गप्पांच्या मेसेजमध्ये कळतही असेल. पण मागे काही मुलांनी घरमालकीणबाईंच्या मुलीच्या लग्नासाठी मोठं कार्ड छापून घेतलं. मजकूर शोधून बरोबर काढला होता: ‘स्वेयत्सम काझु दिएना’, म्हणजे लग्नाच्या दिवशी शुभेच्छा. छापताना रेघा गेल्या. पहिला ‘का’ ऱ्हस्व झाला की ‘काझस’चं ‘कझस’ होतं. काझस म्हणजे लग्न, कझस म्हणजे बकऱ्या. शेवटचा ‘ना’ ऱ्हस्व झाला की ‘दिवशी’चा नुसता ‘दिवस’ उरतो. नवरा-नवरीच्या हातात गेलं ते ‘शुभेच्छा, बकऱ्यांचा दिवस’. बाई समंजस, त्यांनी हसून घेतलं. पण वर्गणी काढून, मनापासून आणलेली भेट होती ती. छापायला देण्याआधी एकदा कुणाला दाखवली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

यातला दुसरा घोटाळा पहिल्यापेक्षा गंभीर आहे. बकऱ्या लगेच दिसतात, विभक्ती दिसत नाही. रीगा या नावाचा शेवटचा स्वर मुळात ऱ्हस्व. तो दीर्घ केला की अर्थ ‘रीगात’. ‘घर’ आणि ‘घरात’ यांतही फरक तेवढ्या एका रेघेचाच. म्हणजे आपला ‘-त’ प्रत्यय तिथे त्या रेघेत बसलेला आहे. पूर्वी जर्मन वळणाने लिहायचे तेव्हा लांब स्वर दाखवायला एच हे अक्षर जोडत. 1908 साली कार्लिस मीलेनबाख्स यांच्या समितीने आजच्या लेखनाचा पाया घातला आणि रेघ आली. ती नक्षी म्हणून आलेली नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांवरून शाळेत मार्क कापून घेतलेल्या आपल्या पोरांनी हे विसरावं? लॅटव्हियन कीबोर्ड फोनमध्ये आधीपासून असतो, फक्त चालू करायचा. मी तर शिकवायला बसायच्या आधी समोरच्याचा फोन घेऊन तेवढं करून टाकतो, मगच पुढे बोलतो.

दुसरी चूक, जिचा मला खरोखर राग येतो: मराठीतून थेट जाता येत असताना मध्ये इंग्रजी घालणं. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य लॅटव्हियनमध्ये शब्दाला शब्द तसंच आहे: ‘मन इर दिवि ब्राल्यि’. मन म्हणजे मला, इर म्हणजे आहे. इंग्रजीतलं ‘हॅव’ या भाषेत नाहीच. मला आवडतं, ‘मन पतीक’. मला पाहिजे, ‘मन वयग’. मला वेळ नाही, ‘मन नव लइक’. चतुर्थीचा हा सगळा संसार आपल्या घरचा. तरी मुलं काय करतात? मनातलं मराठी आधी इंग्रजीत नेतात आणि मग त्या ‘आय ॲम’चं ‘एस एस्मु’ करतात. एक मुलगा पोटाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात गेला आणि नर्सला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, ‘एस एस्मु स्लिक्त्स’. म्हणजे ‘मी वाईट आहे’. तिला वाटलं पोराच्या मनावर काहीतरी ओझं आहे. तिने जवळ बसवून हळू आवाजात विचारपूस सुरू केली. त्याला म्हणायचं होतं ‘मन इर स्लिक्ति’, मला मळमळतंय. इथेही ‘मला’च आहे की!

घड्याळाचं तेच. ‘पुस्त्रियुओस’ या शब्दात ‘अर्धा’ आहे आणि ‘तीन’ आहे. इंग्रज बोलताना ‘हाफ थ्री’ म्हणतो ते साडेतीनला, म्हणून इंग्रजीवरून अंदाज बांधणारा तासभर उशिरा पोचतो. लॅटव्हियन माणूस अडीच वाजता तुमची वाट बघत उभा असतो. आपला ‘अडीच’ कुठून आला? संस्कृत ‘अर्धतृतीय’, तिसऱ्याचा अर्धा. हिशोब हुबेहूब तोच. दीड या आकड्यालासुद्धा त्यांच्याकडे ‘पुसुओत्र’ आहे, अर्धा-दुसरा. साडेतीन मात्र त्यांच्यात अर्धा-चार होतो. तिथे आपण वेगळे पडतो, तेवढं लक्षात ठेवा.

तू आणि तुम्ही यांचंही सांगून ठेवतो. इंग्रजी ‘यू’ टाकला की भाषांतराचं ॲप बेधडक ‘तु’ देऊ शकतं आणि तो मेल प्राध्यापकांना जातो. ‘यूस’ वापरा. आजीला अरे-तुरे न करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये.

‘गो’ला एक शब्द पाठ करून भागत नाही. ‘इएत’ पायी, ‘ब्राउक्त’ वाहनाने, ‘लिदुओत’ विमानाने. ‘एस एयु’ (‘इएत’चं ‘मी जातो’) भारतात, असं लिहिलंत तर चालत निघालात.

‘माहीत असणं’ या अर्थाचा इंग्रजी ‘नो’सुद्धा तीन: गोष्ट माहीत असणं ‘झिनात’, माणूस ओळखणं ‘पझीत’, भाषा येणं ‘प्रस्त’. मराठीत विचार केलात तर चुकणारच नाही.

ओळखीचे वाटणारे शब्द फसवतात. बिस्क्वीत्स म्हणजे बिस्किट नव्हे, स्पंज केक. नोवेले म्हणजे कादंबरी नव्हे, छोटी कथा. आणि जॅममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह आहेत का हे विचारताना ‘प्रेझेर्वतीव्स’ म्हणू नका, तो निरोध. ‘कोन्सेर्वन्ति’ म्हणा.

वाक्प्रचार शब्दशः उचलायचेच नाहीत. परीक्षेला निघालेल्या मैत्रिणीला शुभेच्छा म्हणून इंग्रजीतलं ‘पाय मोड’ असं लॅटव्हियनमध्ये सांगणारे मी पाहिले आहेत. तिथे म्हणतात ‘ने पूकस, ने स्पल्वस’, ना लव ना पीस. इंग्रज बादलीला लाथ मारून मरतो, लॅटव्हियन माणूस चमचा खाली ठेवतो, ‘नुओलिक्त करुओति’. आपण एका दगडात दोन पक्षी मारतो, ते एका गोळीत दोन ससे. आपल्या राईचा पर्वत होतो, त्यांच्या माशीचा हत्ती; आणि हत्ती तर त्यांच्या रानात नाहीच.

माझी सवय सांगतो. वाक्प्रचार सापडला की आधी तेझाउर्स या ऑनलाइन शब्दकोशात बघतो. मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना तो पूर्ण वाक्यात घालून ऐकवतो, सुटा कधीच नाही. त्यांच्या कपाळावर आठी आली की तो शब्द वहीतून खोडला. यादी करून रात्रीत पन्नास वाक्प्रचार पाठ करणारे माझ्याकडे येतात, त्यांना मी परत पाठवतो. आठवड्याला दोन घ्या. बाजारात भाजी घेताना एक तरी वापरून बघा आणि समोरची बाई काय दुरुस्त करते ते घरी येऊन लिहा, तिने म्हटलं तस्संच, रेघांसकट.