मेटल गिगचा व्हिडिओ काढणाऱ्यांनो, या चुका टाळा

गेल्या दोन महिन्यांत तीन बँड्सच्या पोरांनी मला आपापल्या गिगचे व्हिडिओ पाठवले आणि विचारलं, "दादा, कसं झालंय?" तिघांचेही कॅमेरे चांगले होते, एकाने तर गिंबलवर फार सुंदर शॉट घेतले होते. पण एकाही व्हिडिओत गिटार धड ऐकू येत नव्हती. मेटलचा बँड आणि रिफच (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी मुख्य धून) गायब! हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहूनच टाकतो.

मला याचं इतकं वाटतं त्याला कारण आहे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात आम्ही उघड्या आभाळाखाली जे बँड ऐकले, त्यांतल्या एकाचंही धड फुटेज माझ्याकडे नाही. ती जागा शांतता क्षेत्रात आली, तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले, बँड फुटले, माणसं नोकऱ्यांना लागली. आपल्याकडे मेटल बँडचं आयुष्य तसंही लहान असतं. व्हिडिओ नीट निघाला तर त्यांनी त्या रात्री काय वाजवलं ते कुणाला तरी दाखवता येतं.

कन्सोलमधून केबल घेतली म्हणजे आवाज मिळाला, असं समजणं

पहिली आणि सगळ्यांत महाग चूक हीच, आणि ती मीही केली आहे.

पुण्यातला एक क्लब, दीडेकशे माणसं मावतील एवढी जागा. चार जणांचा थ्रॅश (वेगवान मेटल) बँड. बासवाला आठवड्याभरात जर्मनीला कायमचा जाणार होता, म्हणजे ही त्यांची शेवटची गिग. मी तीन कॅमेरे लावले, साउंडवाल्याकडून कन्सोलची (ज्या मिक्सरवर तो सगळे आवाज जुळवतो त्याची) डावी-उजवी लाइन घेतली आणि रेकॉर्डरला जोडली. साउंडचेकच्या वेळी हेडफोन लावून अर्धा मिनिट ऐकलं, गायकाचा आवाज स्वच्छ येत होता. मी निर्धास्त झालो.

घरी येऊन फाइल उघडली तर तिच्यात गायक होता, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) होती, थोडा स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) होता. गिटार मात्र शेजारच्या घरात कुणी वाजवत असल्यासारखी. सोलोच्या वेळी वादकाच्या बोटांवर माझा क्लोज-अप होता, फोकस अचूक, आणि त्याखाली नुसतं ड्रम.

साउंडवाल्याची यात काही चूक नव्हती. छोट्या जागेत गिटारचा अँप स्टेजवरूनच सगळा हॉल भरून टाकतो. मग साउंडवाला स्पीकरमधून गिटार जवळजवळ सोडतच नाही. हॉलमध्ये जे कमी पडतं तेवढंच तो स्पीकरला देतो, म्हणजे गायकाचा आवाज आणि किक. हॉलमधल्या माणसाला अँप आणि स्पीकर दोन्ही मिळून गिग ऐकू येते; तुमच्या केबलला त्यातला एकच भाग मिळतो. कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबावं तर तो ऑटो गेनवर (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगवर) होता आणि प्रत्येक किकला बाकीचं सगळं दबत होतं.

शेवटी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका मुलाने फोनवर दोन गाणी घेतली होती, ती शोधून काढली, कन्सोलच्या फाइलखाली घातली आणि तेवढीच दोन प्रसिद्ध केली. उरलेली नऊ गाणी अजून हार्ड डिस्कवर पडून आहेत. बासवाला दर दिवाळीला फोन करतो तेव्हा विचारतो, "बाकीच्या गाण्यांचं काही होईल का रे?" काही होणार नाही, हे मला माहीत आहे.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली आहे. गिग ठरली की कॅमेऱ्याआधी साउंडवाल्याला फोन करायचा आणि कन्सोल कोणता आहे ते विचारायचं. आता बऱ्याच ठिकाणी बेहरिंगर एक्स-३२ सारखा डिजिटल कन्सोल असतो. त्यातून एका यूएसबी केबलवर ३२ चॅनेल वेगवेगळे लॅपटॉपमध्ये घेता येतात. मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतो. ३२ चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिट या हिशेबाने तासाला साधारण २२ जीबी जागा लागते, तेवढी आधी रिकामी करून ठेवायची. दोन्ही गिटारच्या अँपसमोर माइक लावलाच पाहिजे, साउंडवाला "इथे गरज नाही" म्हणाला तरी. त्याने स्पीकरसाठी त्या माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ठेवला तरी चालेल. इनपुटवरून घेतलेला सिग्नल रेकॉर्डिंगला पूर्ण येतो. लेव्हल बरीच खाली ठेवा. साउंडचेकला हळू मारणारा ड्रमर लोक समोर आले की दुप्पट जोरात मारतो, हे गृहीत धरूनच चाला.

आणि स्टेजच्या दोन्ही कडांना, लोकांकडे तोंड करून, दोन माइक. हे विसरलात तर सगळं स्वच्छ येईल आणि गिग तालमीच्या खोलीत झाल्यासारखी वाटेल. पब्लिक ओरडतेय, तुम्हाला दिसतेय, पण ऐकू येत नाही, असं फुटेज बघवत नाही.

जुना अ‍ॅनालॉग मिक्सर असेल तर हॉलमध्ये, साउंडवाल्याच्या जवळपास, स्टँडवर एक चांगला रेकॉर्डर ठेवा आणि नंतर दोन्ही मिसळा. मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, तिथे खालच्या पट्टीचा आवाज साचतो.

सिंक "जवळजवळ" बरोबर आहे म्हणून सोडून देणं

दुसरी चूक अधीर लोकांची. सॉफ्टवेअरमधलं सिंकचं (चित्र आणि आवाज जुळवण्याचं) बटण दाबायचं, पहिल्या गाण्याची दहा सेकंदं बघायची आणि एडिटला बसायचं. इतर संगीतात हे कदाचित खपून जाईल, मेटलमध्ये खपत नाही.

हिशेब करून बघा. २०० बीपीएमवर (मिनिटाला २०० बीट) डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेली किक, सोळाव्या मात्रांत (एका बीटला चार ठोके) चालू असेल तर मिनिटाला ८०० ठोके, म्हणजे दर ७५ मिलिसेकंदाला एक. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदाची. एका फ्रेमने घसरलात की पाय वर असताना ठोका ऐकू येतो. दोन फ्रेमने घसरलात तर त्याहून फसवं होतं: पाय बरोबर वाटतात, कारण एक अख्खा ठोका सरकलेला असतो, आणि चूक पकडली जाते ती फक्त स्नेअरवर आणि गायकाच्या ओठांवर. म्हणून सिंक तपासताना पायांकडे बघू नका. स्नेअरवर पडणारी काठी बघा.

बटण का चुकतं ते समजून घ्या. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १४ मीटर. तुमचा मागचा कॅमेरा स्टेजपासून २८ मीटरवर असेल तर त्याच्या माइकला आवाज दोन फ्रेम उशिरा मिळतो. चित्र मात्र लगेच मिळतं. सॉफ्टवेअर आवाजाशी आवाज जुळवतं आणि त्या भरात चित्र दोन फ्रेम पुढे पळतं. लांबच्या कॅमेऱ्याची क्लिप तेवढी मागे ढकलावी लागते, आणि ते काम हातानेच करावं लागतं. मी जाग्यावर पावलं मोजतो, कॅमेऱ्यापासून ड्रमपर्यंत, आणि वहीत लिहून ठेवतो.

त्यात कॅमेरा आणि लॅपटॉप यांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. पहिल्या गाण्याला जुळलेलं सिंक तासाभराने दोन-तीन फ्रेम सरकलेलं असू शकतं. लोक मग क्लिप ताणतात. मी ताणत नाही. प्रत्येक गाण्यावर क्लिप कापतो आणि त्या गाण्यासाठी नव्याने जुळवतो. ड्रमरला आधीच सांगून ठेवतो की दर गाण्याआधी काठ्या आपटून चार मोज, आणि एक कॅमेरा त्या काठ्यांवर ठेवतो. अकरा गाण्यांना दोन तास जातात. ज्याला हे दोन तास जड वाटतात त्याने मेटलचा व्हिडिओ हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रकाश

फोन आणि कॅमेरे बरेचदा ३० फ्रेम आणि १/६० शटरवर ठेवलेले असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, चित्रावरून सरकणारे पट्टे बहुतेक जातात. स्वस्त एलईडी पार मंद केला की वेगळ्या पद्धतीने लुकलुकतो. तो साउंडचेकलाच कॅमेऱ्यातून बघा आणि लाइटवाल्याला सांगा की हा पूर्ण तरी लाव, नाहीतर बंद ठेव.

दुसरा त्रास निव्वळ लाल आणि निव्वळ निळ्या दिव्यांचा. बँडला ते आवडतात, आणि व्हिडिओत गायकाच्या चेहऱ्याचा एकसंध लाल गोळा होतो. डोळे, नाक काही उरत नाही आणि नंतर रंग सुधारूनही ते परत येत नाही, कारण कॅमेऱ्याने तिथे काही टिपलेलंच नसतं. मी लाइटवाल्याला भेटून एवढंच मागतो: समोरून दोन पांढरे दिवे, अगदी कमी, पूर्ण वेळ. त्याला चहा पाजा, त्याच्याशी नीट बोला. ऐनवेळी स्टेजखालून हातवारे करणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर हाताने ठरवून सोडून द्या, आणि फोकसही. धूर सुटला की ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसतो, आणि ते नेमकं सोलोच्या वेळी होतं.

थोडक्यात

ड्रमच्या स्टँडला छोटा कॅमेरा बांधू नका. किकच्या हादऱ्याने चित्र जेलीसारखं हलतं. वेगळा स्टँड घ्या, तोही रायझरच्या (ड्रमच्या उंच चौथऱ्याच्या) बाहेर.

काही कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना स्वतःहून थांबतात. आपला थांबतो का, ते घरी तपासा.

रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद होणार असतील तर महत्त्वाची गाणी शेवटी ठेवू नका, असं बँडला आधी सांगा. मागच्या बँडने वीस मिनिटं जास्त खाल्ली की कात्री तुमच्याच बँडच्या शेवटच्या दोन गाण्यांना लागते.

पिटमध्ये (स्टेजसमोर धक्काबुक्की करत नाचणाऱ्या गर्दीत) कॅमेरा न्यायचा असेल तर मागून कमरेला धरणारा माणूस सोबत हवा.

कानात प्लग घाला. दुसऱ्या दिवशी याच कानांनी मिक्स करायचं आहे.

कार्डं दोन डिस्कवर उतरल्याशिवाय फॉरमॅट करायची नाहीत, रात्री कितीही वाजले असले तरी.

एडिट करताना

दर ठोक्याला कट मारला की गाणं वेगवान वाटतं, अशी एक समजूत आहे. त्याने गाणं नुसतं दिसेनासं होतं. रिफ चालू असेल तर वादकाचा उजवा हात दाखवा, आणि चार-आठ बार (तालाची आवर्तनं) तिथेच थांबा. तारेवर दाबून ठेवलेला तळवा आणि मनगट बघायलाच तर वादक पोरं हे व्हिडिओ लावतात.

आता एक गोष्ट, जिच्यावरून माझं बऱ्याच बँड्सशी वाजलं आहे. मिक्स ऐकल्यावर गिटारवाला म्हणतो, सोलोत दोन सूर चुकलेत, स्टुडिओत परत वाजवून वर टाकू. मी नाही म्हणतो. कॅमेऱ्यात त्याची बोटं दिसतात आणि वाजवणाऱ्या माणसाला ती वाचता येतात. लाइव्ह म्हणून दिलेल्या व्हिडिओत त्या रात्रीचेच सूर असले पाहिजेत. फारच चुकलं असेल तर ते गाणं वगळा.

प्रसिद्ध करताना

सगळी गिग एकाच फाइलमध्ये, दुसऱ्याच दिवशी टाकायची घाई करू नका. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात दौरा सुरू केला तेव्हा शूटिंगवाले सोबत होते. पुढे जे मैफिलीचं चित्रण आलं त्यात एका शहराचं एकच गाणं घेतलंय आणि सलामीचं गाणं मुंबईचं आहे. एवढा साठा असलेले लोक निवड करतात. तुमच्या अकरा गाण्यांतली चार खणखणीत असतील तर चारच द्या, आठवड्याला एक.

कव्हर वाजवलं असेल तर ते टाकू नका. गाणं दुसऱ्याचं आहे, चित्राशी जोडायला त्याची वेगळी परवानगी लागते, आणि यूट्यूब ते बऱ्याचदा ओळखतं. स्वतःच्या गाण्यांसाठीही बँडमधल्या प्रत्येकाची लेखी संमती गिगआधी घ्या. कॉपीराइट कायद्याने सादर करणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे, आणि भांडण होऊन बाहेर पडलेला ड्रमर तो नंतर बरोबर आठवतो.

मिक्स चिरडून मोठा करू नका. यूट्यूब साधारण -१४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) वर गेलेला आवाज स्वतःच खाली आणतं. चिरडलेला स्नेअर मात्र चिरडलेलाच राहतो. फाइल ४के करून चढवा, मूळ फुटेज १०८० असलं तरी. धूर आणि चमकणारे दिवे यांचा कॉम्प्रेशनमध्ये फार चिखल होतो, मोठ्या फाइलला तो कमी होतो. वर्णनात गाण्याचे शब्द लिहा. ग्राउलमध्ये (घोगऱ्या, गुरगुरत्या गाण्यात) काय म्हटलंय ते कळलं तर नवा माणूस थांबतो.

आणि चढवण्याआधी ड्रमरला शेजारी बसवून एकदा पूर्ण दाखवा. गेल्या वेळी ड्रमर माझ्याकडे आला, हेडफोन लावले, तिसऱ्या गाण्याच्या ब्रेकडाउनपर्यंत (जिथे गाणं संथ आणि जड होतं) काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, इथे स्नेअर जरा आधी पडतोय." मला दिसत नव्हतं. मागे जाऊन एकेक फ्रेम चालवली. डाव्या कॅमेऱ्याची क्लिप एका फ्रेमने पुढे होती. ती सरकवली, त्याने पुन्हा पाहिलं, मान हलवली, आणि रात्री साडेबाराला आम्ही फाइल एक्स्पोर्टला लावली.