बारावीनंतरचा बेत दिवाळीतच मांडावा

बारावीचा निकाल उन्हाळ्याच्या अखेरीस लागतो आणि प्रवेशाची धावपळ जून-जुलैत येते. नेमक्या त्याच दिवसांत घरातला पैसा बियाणे-खतासाठी वावरात उतरलेला असतो. त्यामुळे पुढे काय करायचे हे निकालानंतर ठरवायला बसलेल्या घरात बहुधा जे परवडते तेच ठरते. यवतमाळ, वाशीम किंवा बुलढाण्याकडच्या कास्तकाराच्या मुलाने हा बेत बारावीच्या दिवाळीतच वडिलांसमोर वही घेऊन मांडावा, कारण सोयाबीन तेव्हा विकले गेलेले असते, कापसाचा पहिला वेचा घरात असतो आणि चुकाऱ्यातून, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशातून, काही रक्कम बाजूला ठेवणे शक्य असते.

वहीत सर्वांत आधी कागदपत्रे लिहावीत. अधिवास, उत्पन्न आणि नॉन-क्रिमीलेअरचे दाखले आपले सरकार केंद्रातून मिळतात. त्यांपैकी उत्पन्नाचा दाखला मुदतीचा असल्याने एप्रिलनंतर नवा काढावा. खरा वेळ जातो तो जात वैधता प्रमाणपत्रात. इतर मागासवर्गीय अर्जदाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात किंवा तहसीलमधल्या जुन्या कोतवाल पंजीत (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) शोधावा लागतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांचे नाव शाळेत घरगुती हाकेच्या नावाने नोंदलेले होते आणि सातबाऱ्यावर पाळण्यातले नाव होते. ही दोन्ही माणसे एकच, हे प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ जोडून पटवून देईपर्यंत प्रवेशाच्या दोन फेऱ्या निघून गेल्या. म्हणून नक्कल हातात पडताच प्रत्येक अक्षर सातबारा आणि आधारशी ताडून पाहावे.

यानंतर वहीत पुढच्या वाटा लिहाव्यात. आयटीआयकडे बारावी झालेली मुले कमीपणा समजून पाठ फिरवतात, हे मला पटत नाही. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, तर इलेक्ट्रिशियन आणि फिटरचे दोन वर्षांचे आहेत, आणि पुढे भद्रावती किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, कोळसा खाणीत अथवा बुटीबोरीच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करता येतो. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोयही आहे. कृषी पदवीसाठी मात्र बारावीला विज्ञान शाखा आणि सीईटी लागते, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून विदर्भासाठी आहे आणि शेतकऱ्याच्या पाल्याला प्रवेशात जादा भारांक मिळतो, त्यामुळे सातबारा फाइलमध्ये असू द्यावा.

पोलीस भरतीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण गावाबाहेरच्या डांबरी सडकेवर पहाटे धावणारी निम्मी मुले त्याच आशेवर असतात. शिपाई पदासाठी मुलाची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. १,६०० मीटर धावण्याचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ते अंतर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत तोडावे लागते, म्हणून मित्राच्या अंदाजावर न विसंबता घड्याळ लावून, अंतर मोजून धावावे. अडचण अशी की भरती कधी निघेल याचा नेम नसतो; धावता धावता तीन-चार वर्षे जातात आणि हातात बारावीशिवाय काही उरत नाही. तयारी जरूर करावी, पण सोबत जवळच्या महाविद्यालयात किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पदवीला नाव घालावे. अग्निवीर व्हायचे असल्यास सेवा चार वर्षांची असते आणि त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच पुढे कायम केले जाते, हे घरात आधीच बोलून घ्यावे.

शहरात राहायचे झाल्यास खोलीभाडे, मेस, फी आणि गावी येण्याजाण्याचा खर्च महिन्यावार मांडावा. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा, बँक खाते आधारशी जोडलेले ठेवावे. तरीही रक्कम उशिरा येते असे गृहीत धरून पहिल्या चार-पाच महिन्यांचा खर्च कापसाच्या पैशातूनच बाजूला काढावा.

शेतीच करायची असेल तर तेही वहीत तितक्याच नेटाने लिहावे. "वावर तर आहेच" एवढ्यावर सोडल्यास मुलगा स्वतःच्या घरात बिनपगारी सालदार होऊन बसतो. बाबांनी एक-दोन एकरांचा तुकडा एका हंगामासाठी त्याच्या हाती द्यावा. वाण त्याने निवडावे, डवरणी-फवारणीचा हिशेब त्याने ठेवावा, त्या तुकड्यातला कापूस वेगळा मोजावा आणि त्याचा चुकारा त्याच्याच खात्यात जमा करावा.