एडमंटनचा पहिला हिवाळा आणि सेकंडहँड गाडी

दर नोव्हेंबरात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज नव्या नावाने येतो: "गाडी चालू होत नाहीये, कोणाकडे जम्पर केबल आहे का?" गाडी बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जुनी कोरोला किंवा सिव्हिक असते. उन्हाळ्यात घेतलेली, ऑक्टोबरपर्यंत एका सेल्फमध्ये चालू होणारी. मेसेजखाली लगेच उत्तरांची रांग लागते: बॅटरी बदल, बॅटरी बदल. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण नवीन बॅटरी घालूनही पुढच्या उणे पंचविसाच्या सकाळी गाडी तशीच रुसली, की नव्याने आलेल्या माणसाचा धीर सुटतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की पाकीट काढायच्या आधी कान द्या.

चावी फिरवल्यावर इंजिन कसं फिरतं ते ऐका. जड, ओढून-ताणून फिरत असेल, नुसतं टक-टक-टक होत असेल किंवा डॅशबोर्डचे दिवेच मंद होत असतील, तर भानगड विजेची किंवा ऑइलची आहे. इंजिन नेहमीच्या वेगाने खळखळ फिरतंय पण पकडत नाही, असं असेल तर बॅटरीला हात लावू नका, पेट्रोल आणि ठिणगीकडे बघा. आणि दिवे लख्ख आहेत पण सेल्फचा आवाजच नाही, तर गिअर पार्कमधून न्यूट्रलमध्ये घेऊन एकदा चावी फिरवून बघा. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरची जागा ओळखणारा स्विच झिजतो, आणि मग गाडी पार्कमध्ये आहे हेच त्याला पटत नाही.

आता बॅटरी. उणे १८ अंशाला तिची ताकद निम्म्याच्या आसपास उरते, आणि नेमकं तेव्हाच गार इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. इथल्या दुकानात बॅटरीवर ‘सीसीए’ असा आकडा दिसेल. उणे १८ ला बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते तो सांगतो. तुमच्या गाडीला जेवढा लागतो त्यापेक्षा कमी आकड्याची बॅटरी स्वस्त म्हणून घेऊ नका.

वीस-पंचवीस डॉलरचा साधा मल्टिमीटर आणा. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीचे व्होल्ट मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ म्हणजे जवळपास उतरलेली. मग कोणाला तरी चावी फिरवायला लावून आकडा बघत राहा. साडेनऊच्या आसपास टिकला तर छान, कडाक्याच्या थंडीत थोडा आणखी खाली जाईल, पण आठच्याही खाली कोसळला तर बॅटरीचे दिवस भरले. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर दोष बहुधा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा. असा अल्टरनेटर नवीन बॅटरीही आठवड्याभरात उतरवेल.

हे सगळे आकडे चांगले आहेत आणि तरी सेल्फ जडच फिरतोय? मग केबल तपासा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने जोड आतून कुजतात, वरून मात्र ठणठणीत दिसतात. पॉझिटिव्ह बाजूला पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा. फुकटात बरी झालेली गाडी बघण्याचा आनंद वेगळाच.

बॅटरी उतरण्याचं आणखी एक कारण म्हणजे आपली राहणी. घर ते ट्रेन स्टेशन आठ मिनिटं, त्यात हीटरचा पंखा पूर्ण, मागच्या काचेची जाळी चालू, दिवे चालू. एवढ्या वेळात सेल्फला दिलेलं भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला नेऊन आणा, नाहीतर छोटा चार्जर घेऊन रात्री लावून ठेवा.

ऑइलकडे नवीन माणूस सहसा बघतच नाही. मागच्या मालकाने स्वस्तातलं १०डब्ल्यू-३० भरलं असेल तर उणे तिशीत ते खोबरेल तेलासारखं थिजायला येतं आणि सगळा भार सेल्फवर पडतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा: सेल्फने इंजिन फिरवण्यापुरतं ऑइल पातळ राहतं का, ही चाचणी १०डब्ल्यूची उणे २५ ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. गाडीच्या पुस्तकात चालत असेल तर हिवाळ्याआधी सिंथेटिक ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० घालून घ्या. हिवाळ्याच्या तयारीत इतका सोपा फायदा दुसऱ्या कशात नाही.

समोरच्या जाळीतून एक काळी वायर लोंबताना दिसते, ती ब्लॉक हीटरची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गाडी इलेक्ट्रिक आहे. हा हीटर इंजिनमधलं कुलंट, म्हणजे एरवी इंजिन गार ठेवणारा द्रव, कोमट ठेवतो. उणे पंधराच्या खाली पारा गेला की निघायच्या आधी दोन-चार तास लावा; रात्रभर लावलं तर फक्त वीजबिल वाढतं, टायमर दहा-पंधरा डॉलरला मिळतो. मात्र हीटर बॅटरीला ऊब देत नाही. "प्लग लावला होता तरी चालू झाली नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा मरू घातलेली बॅटरी निघते.

हीटर चालतो की नाही हे कोणी तपासत नाही. वर्षानुवर्षं वायर लावणारे आणि आत हीटर जळून गेलेले लोक आहेत. गाडी प्लगला न लावता वायरच्या दोन चपट्या पिनांमध्ये रोध मोजा. ४०० वॉटच्या हीटरला साधारण ३६ ओम दिसतो. मीटरवर काहीच आलं नाही तर हीटर किंवा वायर गेली. पार्किंगमधल्या सॉकेटचाही भरवसा नको, त्यात टेबललॅम्प लावून बघा. काही पार्किंगमध्ये वीज वाचवायला प्रवाह आलटून-पालटून चालू-बंद ठेवतात, म्हणून दिवा लागला नाही तर थोडं थांबून पुन्हा बघा आणि मगच मॅनेजरशी भांडा.

इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, ही गोष्ट वेगळी. चावी ‘ऑन’पर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू येईल. बंद करून असं दोन-तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. आता चटकन चालू झाली तर रात्रीत लाइनमधला दाब उतरतोय. घूं अजिबात आलीच नाही तर फ्यूज, रिले किंवा पंप. पेट्रोलचा वास येत असेल तर ती फ्लड झाली आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालंय: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा, बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा पेट्रोल सोडणं थांबवतात.

माझा लाडका संशयित मात्र कुलंटचं तापमान सांगणारा सेन्सर. गार इंजिनला जास्तीचं पेट्रोल किती द्यायचं, हे गाडीचा कॉम्प्युटर त्याच्यावरून ठरवतो. बाहेर उणे पंचवीस आणि सेन्सर म्हणतो अधिक चाळीस, की इंजिन उपाशी राहतं. कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड येईलच असं नाही, इंजिनचा दिवाही लागेलच असं नाही. कॅनडात १९९८ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ चं सॉकेट असतं, त्यातून गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचता येते. तिथे ब्लूटूथचा स्वस्त रीडर लावा. हीटर न लावता रात्रभर बाहेर उभ्या गाडीत सकाळी कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. फरक मोठा असेल तर चोर सापडला. कुलंट थेट उणे ४० दाखवत असेल आणि बाहेर तेवढी थंडी नसेल, तर बहुधा सेन्सरची वायरच तुटली किंवा निघाली आहे. स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले हे कोणालाच माहीत नसेल, तर ते काढून बघायला हरकत नाही.

गॅरेजला जायचं ठरलं तर एएमव्हीआयसीचा, म्हणजे आपल्या अल्बर्टा प्रांतातल्या वाहन व्यवसायावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, परवाना असलेलंच निवडा. अल्बर्टात गाड्या दुरुस्त करणाऱ्या व्यवसायाला तो लागतो. आणि गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन त्यांच्या अंगणात बाहेर सोडा. उबदार शेडमध्ये तासभर उभी राहिलेली गाडी शहाण्यासारखी चालू होते आणि मेकॅनिक म्हणतो, काही दोष नाही, तपासणीचे पैसे द्या. तुम्ही मोजलेले आकडे एका कागदावर लिहून द्या. ‘थंडीत त्रास देते’ एवढंच सांगितलंत तर अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातील.

काही गोष्टी करू नका. चार मित्र जमवून धक्का मारणं इथे उपयोगाचं नाही, गाड्या जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी तापवू नका, एक्झॉस्टचा वायू जीव घेतो. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी गोठते: भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही तग धरते, उतरलेली उणे दहाच्या आसपासच बर्फ होते. बाजू फुगलेल्या दिसल्या तर जम्प देऊ नका (म्हणजे केबलने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडू नका), ती फुटू शकते. एरवी जम्प देताना लाल आधी, मेलेल्या बॅटरीपासून सुरुवात. काळी शेवटी, बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीला नाही. बंद पडलेल्या गाडीच्या मदतीला येणाऱ्या अल्बर्टा मोटर असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ठेवा, पण थंडीची लाट आली की त्यांचीही वाट तासन् तास बघावी लागते.

गाडी अजून घ्यायची असेल तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा: रात्री बाहेर ठेवा, प्लग लावू नका, मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर आभार मानून परत फिरा. आणि गाडी व्हँकुव्हरकडून, म्हणजे सौम्य हिवाळ्याच्या भागातून, आलेली असेल तर जाळीत ती काळी वायर आहे का बघा. नसेल तर हीटर बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.