दिवेलागणीला देवापुढे चूक कशी सांगावी

'रोज बरोबर सातला दिवा लावा' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कोल्हापुरात जूनमध्ये सूर्य सातनंतर बुडतो, डिसेंबरात सहाच्या सुमाराला. मावळतीची किरणं देवीवर पडतात त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला मिनिट न् मिनिट मोजणारं आमचं गाव, घरात मात्र मालिकेच्या वेळा बघून दिवा लावतं. अंधारून यायच्या आत दिवा लागला पाहिजे, एवढंच.

हातपाय धुवा, मागचं दार लावा, पुढचं उघडा. रंकाळा तलावाच्या बाजूला राहत असाल तर जाळीचं दार ओढून घ्या. लक्ष्मीला जाळी अडवत नाही, डासांना अडवते.

निरांजनात एक फुलवात आणि तिच्यापुरतं तूप. ती विझली की बैठक संपली, म्हणून वेगळी वेळ लावायला नको. मुलं असतील तर शुभंकरोती आणि परवचा. मोठ्यांनी रामरक्षा म्हणावी किंवा मनाचे श्लोक. श्लोक 205 आहेत. रोज तीनच म्हटले तरी सव्वादोन महिन्यांत फेरी पुरी होते.

मग येतं ते अवघड काम, दिवसभरात आपण कुठे चुकलो ते बघायचं. इथे मी कित्येक वर्षं फसत होते. डोळे मिटले की उद्याच्या डब्याची भाजी आठवायची, नाहीतर जावेचं बोलणं. पाच मिनिटं तावातावाने देवीला सगळं ऐकवायचे आणि हलकं वाटलं म्हणून खूश व्हायचे. एकदा ओठ जरा जास्तच हलले असावेत. मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, चूक सांगतीस का गाऱ्हाणं सांगतीस?"

तेव्हापासून मी एकच प्रसंग घेते. आख्खा दिवस नाही. संध्याकाळकडून सकाळकडे मागे जायचं आणि जिथे मन चटकन पुढे सरकायला बघतं, तिथेच थांबायचं. तो प्रसंग पुटपुटत, साध्या मराठीत सांगायचा. वाक्यात 'मी' हवा आणि क्रियापद आपलं हवं. 'माझ्याकडून जरा बोललं गेलं' चालणार नाही. बोललं कसं जाईल आपोआप? 'मी बोलले.' काय बोलले, तेही शब्दाला शब्द.

माझंच सांगते. मंडईत कोथिंबिरीच्या पेंडीवरून मी एका म्हातारीला "लुटायलाच बसलाय" म्हणाले आणि पेंडी टोपलीत आपटली. हे सांगताना लगेच जिभेवर आलं, 'कारण तिनेच आधी...' या 'कारण'पाशी तोंड मिटायचं. त्याच्या पुढे गाऱ्हाणं सुरू होतं. 'मी मेली वाईटच' असं रडगाणंही नको. त्यातही आपलंच कौतुक असतं, आणि म्हातारीला त्याचा काय उपयोग?

नंतर ठरवायचं ते एकच, उद्या करता येईल असं. मी दुसऱ्या दिवशी गेले, "काल मी चुकले मावशी" म्हटलं. त्यांना मी आठवतही नव्हते. पेंडीचे पैसे मात्र त्यांनी पुरते घेतले.

वहीत लिहून ठेवा, असं बरेच जण सांगतात. मी दोन महिने लिहिलं. तिसऱ्या आठवड्यापासून चुका फार सुरेख भाषेत उतरायला लागल्या, तेव्हाच वही बंद करायला हवी होती.

शेवटी नमस्कार. निरांजन फुंकून विझवू नका.

आणि मुलांकडून रोज चूक वदवून घेऊ नका, त्यांना पाढे पुरेत. आमच्या चिरंजीवांनी एकदा वर्गातल्या मुलाच्या डब्यातला लाडू खाल्ल्याची हात जोडून कबुली दिली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.